राजीनामा अजून पर्समध्येच राहू दे

मागच्या महिन्यात मी इथे माझ्या पांढऱ्या काठीबद्दल जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी सासू-सून, सोसायटीचं पार्किंग, मुलीचं लग्न वगैरे सगळं बाजूला ठेवलंय. नजर कमी होत चाललेल्यांची आणि त्यांच्या घरच्यांची तीन पत्रं घेतलीयेत. पहिल्याला जास्त जागा गेलीय, बाकीच्या दोघांनी रागावू नका.

प्रश्न : नमस्कार ताई. मी ५१ वर्षांची, डोंबिवलीला राहते, दादरला एका सरकारी बँकेत आहे, २७ वर्षं नोकरी झाली, गेली सहा वर्षं कॅश काउंटरला. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू आहे, कळला तेव्हाच उशीर झाला होता. समोरचं दिसतं, पेपर वाचता येतो, पण बाजूचं गेलंय. डावीकडून कोणी स्लिप सरकवली तर दिसतच नाही, माणूस ओ मॅडम म्हणून काच वाजवतो तेव्हा कळतं. बँकेत कोणाला सांगितलेलं नाही, सगळ्यांना वाटतं चष्म्याचा नंबर वाढलाय. मी सकाळी अर्धा तास आधी जाते म्हणजे कोणी नसताना शिक्के, पिना, ड्रॉवर सगळं माझ्या पद्धतीने लावून ठेवता येतं, जेवायला सगळ्यांच्या नंतर जाते म्हणजे कोणाचा डबा सांडायला नको, संध्याकाळी मैत्रिणी एकत्र निघतात तेव्हा काहीतरी कारण सांगून मागे राहते कारण स्टेशनच्या पुलावरून उतरताना मला कठडा धरावा लागतो आणि ते त्यांच्या लक्षात यायला नको. गेल्या महिन्यात शंभरच्या नोटांत पाचशेच्या तीन गेल्या. आमचं जुनं मशीन नोटा मोजतं, कुठली नोट आहे ते सांगत नाही. १२०० रुपये शॉर्ट आले, मी गुपचूप स्वतःचे भरले. त्या रात्री राजीनामा टाइप केला, पंधरा दिवस पर्समध्ये घेऊन फिरतेय. मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, घराचे हप्ते अजून चार वर्षं. मिस्टर म्हणतात झेपत नसेल तर सोड, आपण भागवू. मला वाटतं काही लफडं होऊन नाव खराब होण्यापेक्षा सन्मानाने निघालेलं बरं. काय करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, तो कागद पर्समध्येच राहू दे. फाडून टाका असं नाही म्हणत, फक्त साहेबांच्या टेबलावर ठेवू नका.

तुमचं पत्र मी दोनदा ऐकलं (मला फोनच वाचून दाखवतो, तुमचं ‘लफडं’ त्याने फार गंभीर आवाजात म्हटलं). आणि दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं की कामाबद्दल तुमच्या तक्रारी दोनच आहेत, डावीकडची स्लिप आणि त्या तीन नोटा. बाकी सगळं पत्र लपवण्याबद्दल आहे. लवकर जायचं, उशिरा जेवायचं, मैत्रिणींना टाळायचं. तुम्ही दोन नोकऱ्या करताय ताई, एक बँकेची आणि दुसरी सगळं दिसतंय असं दाखवायची, आणि जीव काढतेय ती दुसरी. राजीनामा मात्र तुम्ही पहिलीचा लिहिलाय.

मला हे पटकन कळलं कारण मी स्वतः साडेतीन वर्षं हेच केलं. मला आरपी, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा, हा डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, यातही तुमच्यासारखंच कडेकडून आत आत येत जातं. बॅलार्ड पिअरला ऑफिस होतं. एका जुलैत खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकलेल्या रेनकोटला साहेब समजून मी चांगली दोन मिनिटं रजेचं बोलत होते. शिपाई हसला, मीही हसले, मग बाथरूममध्ये जाऊन रडले. त्या दिवशी सांगून टाकायला हवं होतं, नाही सांगितलं, त्यानंतर अजून दीड वर्ष काढलं. शेवटी सांगितलं तेव्हा आमचे साहेब म्हणाले, अहो आम्हाला वाटायचं तुम्ही शिष्ट आहात, समोरून गेलं तरी ओळख दाखवत नाही. म्हणजे एवढं सगळं लपवून मी मिळवलं काय, तर शिष्ट.

आता कायद्याचं, हे मिस्टरांना पण वाचायला द्या. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आहे, एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात कलम २०, पोटकलम ४. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेने त्या माणसाला काढायचं नाही, खालच्या पदावर ढकलायचं नाही. आहे ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच सेवालाभांसकट दुसऱ्या पदावर घ्यायचं. आणि तसं पदच नसेल तर जादा पद तयार करून त्यावर ठेवायचं, योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत. सरकारी मालकीची बँक यात येते. ही कोणाची मेहेरबानी नाही, १९९५ च्या जुन्या कायद्यात पण कलम ४७ मध्ये हेच होतं. पण हे छत्र नोकरीत असलेल्या माणसाच्या डोक्यावर आहे. आपण होऊन बाहेर पडलात की ते तिथेच राहतं, तुमच्याबरोबर डोंबिवलीला येत नाही.

दुसरं, राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या दोन गोष्टी आपण बोलताना एकच करून टाकतो, नियमात त्या एक नाहीत. बँकांच्या १९९५ च्या पेन्शन नियमांप्रमाणे राजीनाम्याने मागची सेवा बुडाली असं धरतात, म्हणजे पेन्शनवरच पाणी. स्वेच्छानिवृत्तीला वीस वर्षं सेवा लागते, तुमची सत्तावीस झालीयेत. म्हणजे उद्या खरंच निघायचं ठरलं तरी तो पर्समधला कागद चुकीचाच आहे, दुसरा टाइप करावा लागेल. युनियनच्या माणसाला भेटा, नाव न घेता विचारलंत तरी चालेल, पण आकडे कागदावर मांडून घ्या. मिस्टर भागवू म्हणतात ते प्रेमाने म्हणतात, पण हप्ता प्रेमाने फिटत नाही.

मग आधी काय, तर दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, हॉस्पिटलात तपासणी होते, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र येतं. इथे काचबिंदूवाल्यांची एक गोची होते ती आधीच सांगते. तुम्हाला तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावतील, तुम्ही खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचाल आणि कोणीतरी म्हणेल बाई तुम्हाला तर मस्त दिसतंय. तिथे गप्प बसायचं नाही. कायद्यात नजर दोन तऱ्हांनी मोजलीय, अक्षरं किती बारीक दिसतात ते एक आणि किती रुंद दिसतं ते दुसरं. नजरेचा घेर ४० अंशांपेक्षा कमी झाला की अल्पदृष्टी, १० अंशांच्या खाली गेला की कायद्याने अंधत्व, मग तुम्ही पेपर वाचत असाल तरी. ती फील्ड टेस्ट असते ना, हनुवटी टेकवून समोर बघत बसायचं आणि कडेला दिवा लुकलुकला की बटण दाबायचं, तिचे जुने नवे सगळे रिपोर्ट फाइलला लावून न्या. टक्केवारी ४० किंवा वर आली की बहुतेक सवलतींची दारं उघडतात.

सर्टिफिकेटला वेळ लागेल, पण कॅशवरून मात्र आत्ताच उठा. यात मी तुमची समजूत काढणार नाही. मला माहितीये बोटांनी नोटा ओळखता येतात, पाचशेची शंभरपेक्षा आठ मिलिमीटर लांब असते, शंभरच्या कडेला चार तिरक्या उंचावलेल्या रेघा असतात आणि पाचशेच्या पाच, नोट कितीची ते सांगणारं रिझर्व्ह बँकेचं मणी नावाचं ॲप पण २०२० पासून आहे, भाजी घेताना मी तेच वापरते. पण महिन्याच्या सात तारखेला पेन्शनवाल्यांची रांग लागलेली असताना तुम्ही कडेच्या रेघा चाचपत बसणार का? नाही ना. आज तीन नोटा होत्या, उद्या बंडल असेल. तुमची ‘नाव खराब होण्या’ची भीती मला अगदी खरी वाटते, फक्त तिच्यावरचा उपाय खुर्ची बदलणं आहे, बँक सोडणं नाही.

अर्ज लेखी द्या. दोन परिच्छेद बास. ‘मला दिसत नाही, काम झेपत नाही’ असलं एकही वाक्य त्यात नको, ते कोणीतरी नंतर तुमच्याच विरुद्ध वापरेल. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू असल्याने नजरेचा घेर कमी झालाय, डॉक्टरांचे रिपोर्ट जोडले आहेत, दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी अर्ज केला आहे, कलम २०(४) नुसार रोख व्यवहाराऐवजी दुसरं काम मिळावं, एवढंच. आणि दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का, तारीख, सही. शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही, मॅनेजर कितीही गोड बोलला तरी. माझा पहिला अर्ज शिक्का नव्हता म्हणून ‘आलाच नाही’ झाला होता.

नवीन टेबलवर कॉम्प्युटर असेलच. एक चूक सगळे करतात, नजर कमी झाली की अक्षरं मोठी मोठी करत जातात. तुमच्या प्रकारात त्याने उलट होतं, नळीतून बघताय आणि समोरचं अक्षर हत्तीएवढं केलं तर नळीत हत्तीचा एक कान मावतो. अक्षर बेताचंच ठेवा, काळ्यावर पांढरं करून बघा, टेबललॅम्प घ्या, आणि डोळे बरे असतानाच स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, शिकायला लागा. एनव्हीडीए नावाचा आहे, फुकट आहे, एक्सेल त्यात छान चालतं. बँकेच्या सॉफ्टवेअरचा प्रत्येक स्क्रीन तो वाचेलच असं नाही, तिथे आयटीवाल्यांच्या मागे लागावं लागतं. शिकायला मुंबईत दोन जागा मला माहितीयेत, सेंट झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिहीनांसाठीचं केंद्र एक्सआरसीव्हीसी आणि वरळीची नॅब, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड. फोन करून जा. पहिल्या दिवशी बरोबर कोणालातरी न्या, पायऱ्यांसाठी नाही, परत येताना बोलायला.

काठीचं तुम्ही काही लिहिलं नाहीत म्हणून मीच लिहिते. पुलाचा कठडा धरलेला मैत्रिणींना दिसू नये म्हणून तुम्ही रोज एक लोकल सोडताय. घडीची काठी पर्समध्ये मावते, त्या राजीनाम्याच्या शेजारीच. गर्दीच्या दादरला तुम्ही कोणाला धडकलात तर लोक आंधळी आहे का म्हणून ओरडतात, हातात काठी असली की तेच लोक बाजूला होतात, मी दोन्ही ऐकलंय. काठी कशी धरायची, फलाट आणि फूटबोर्डमधली फट तिने कशी शोधायची हे शिकवणारे लोक असतात, घरच्या घरी यूट्यूबवर बघून करू नका. कार्ड आलं की दिव्यांगांच्या डब्यात बसता येईल, तिथेही गर्दी असते पण डोंबिवलीच्या लेडीजपेक्षा नक्की कमी.

ड्रॉप्स एक दिवसही चुकवू नका. गेलेलं परत येत नाही, आहे ते टिकवायचंय. आणि मुलाचे डोळे तपासून घ्या, काचबिंदू आईबापांकडून येऊ शकतो, विशीत आहे म्हणून सोडून देऊ नका.

लोक आता तुम्हाला आपल्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटीलचं उदाहरण देतील, दिसत नसताना आयएएस झाली म्हणून. मुलगी ग्रेटच आहे. पण तिची नजर लहानपणी सहाव्या वर्षी गेली, ती सगळं त्याच जगात शिकली. आपण पन्नास वर्षं डोळ्यांनी जगलोय, आपल्याला आधी सगळं विसरायचंय मग शिकायचंय, ते वेगळं दुखणं आहे आणि त्याला वेळ लागतो. म्हणून म्हणते निर्णय आत्ता नको. खुर्ची बदलली, सर्टिफिकेट आलं, बँकेत सगळ्यांना कळलं, त्यानंतर सहा महिने काढा. त्यानंतरही सकाळी उठून वाटलं की बास, तर खुशाल स्वेच्छानिवृत्ती घ्या, मी टाळ्या वाजवेन. फक्त तेव्हा तुम्ही एकच नोकरी सोडत असाल.

प्रश्न : मॅडम, वय ३८, अंधेरीला प्रायव्हेट कंपनीत अकाउंट्सला आहे. मला पण आरपी आहे, संध्याकाळनंतर फार कमी दिसतं. अजून काम व्यवस्थित चालू आहे. एचआरला सांगू का? सांगितलं तर काढतील अशी भीती वाटते. घरी जाताना बाइक चालवतो, हळू चालवतो.
— एक वाचक, जोगेश्वरी

उत्तर : बाबा रे, शेवटचं वाक्य आधी घेते. बाइक आजपासून बंद. उद्यापासून नाही, आज. हळू चालवतो म्हणजे काय, समोरून रस्ता ओलांडणारी बाई पण हळूच चालत असते. चावी बायकोकडे देऊन टाक, मेट्रो आहे, बस आहे, रिक्षा आहे.

आता नोकरीचं. वर ज्या कलमाबद्दल लिहिलंय ते सरकारी आस्थापनांसाठी आहे, तुला ते लागू नाही, हे स्पष्ट माहिती असलेलं बरं. पण अगदी वाऱ्यावर पण सोडलेलं नाही. त्याच कायद्यात भेदभाव करायचा नाही असं आहे आणि समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेने करायचं आहे, खासगी सुद्धा. तुमच्या कंपनीचं ते धोरण आहे का ते इंट्रानेटवर शोध, नसेल तर त्यावरून पण तुला बरंच काही कळेल.

सांगायचं का, तर हो. पण उद्याच नाही. दोन-तीन महिने घे, एनव्हीडीए शीक, एक पूर्ण महिन्याचं क्लोजिंग स्क्रीनकडे न बघता करून दाखवता येईल इतकं शीक. मग सांग, आधी तुझ्या बॉसला, एचआरला नंतर. नुसतं ‘मला आजार आहे’ म्हणून गेलास तर ते तुझ्याकडे खर्च म्हणून बघतील. हेडफोन लावून त्यांच्यासमोर एक्सेलमध्ये व्हीलूकअपचा फॉर्म्युला टाकून दाखवलास तर अकाउंटंट म्हणून बघतील. आणि बोलणं झालं की त्याच दिवशी ‘आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे’ असा एक साधा मेल, तो हवाच. सर्टिफिकेट मिळालं की टॅक्सच्या जुन्या पद्धतीत ७५ हजारांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा वर असेल तर सव्वा लाखाची, नवीन पद्धतीत नाही. अकाउंट्सवाल्याला मी काय सांगणार म्हणा.

प्रश्न : ताई, माझे सासरे ७४ वर्षांचे, लालबागला त्यांचं शिलाईचं छोटं दुकान आहे. डोळ्याच्या पडद्याचा आजार झालाय, मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. आता दीर काम बघतात पण सासऱ्यांना रोज दुकानात जायचं असतं. गेला महिनाभर ते म्हणतात कपाटावर रंगीत कपडे घातलेली छोटी छोटी पोरं बसलेली असतात, बोलत नाहीत, नुसती बसतात. त्यांना स्वतःला कळतं की तिथे कोणी नाही. सासूबाईंनी उतारा टाकला. मिस्टर म्हणतात वय झालं, डोकं चाललंय, दुकान बंद करा. मला तसं वाटत नाही, बाकी सगळं त्यांचं ठणठणीत आहे.
— एक सून, लालबाग

उत्तर : तुम्हाला बरोबर वाटतंय. याला नाव आहे, शार्ल बोने सिंड्रोम. १७६० साली या स्विस गृहस्थाने स्वतःच्या आजोबांबद्दल लिहून ठेवलं, आजोबांची नजर गेली होती आणि त्यांना माणसं, पक्षी, इमारती दिसायच्या, डोकं अगदी शाबूत होतं. डोळ्यांकडून चित्र यायचं कमी झालं की मेंदू रिकामा बसत नाही, स्वतःच चित्रं काढत बसतो. वेड नाही आणि भूत तर नाहीच. किती म्हातारी माणसं हे कोणाला सांगतच नाहीत, वेडा म्हणतील म्हणून. तुमच्या सासऱ्यांनी सांगितलं म्हणजे घरात त्यांचं कोणीतरी ऐकतं, बहुतेक तुम्हीच.

तरी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगा, कारण पोरं बोलायला लागली, किंवा खरीच आहेत असं त्यांना वाटायला लागलं, किंवा बाकीचंही विसरायला लागले तर ते प्रकरण वेगळं, त्याची तपासणी वेगळी. नाहीतर पोरं दिसली की दिवा लावायचा, किंवा डोकं न हलवता नजर डावीकडे-उजवीकडे पाच-सात वेळा फिरवायची, बऱ्याच जणांची जातात. बऱ्याच जणांचं काळानुसार आपोआपच कमी होत जातं.

दुकानाचं म्हणाल तर जाऊ देत की. कात्री आणि मशीन दिरांकडे, ते ठरलेलंच. पण माप घ्यायला डोळे फारसे लागत नाहीत. आमच्या ओळखीतल्या एका शिंप्याने टेपला दर पाच इंचांवर दोऱ्याचा एक टाका घालून ठेवला होता, दहाला दोन टाके, बोटाने मोजायचा आणि आकडा मोठ्याने सांगायचा, पोऱ्या वहीत लिहायचा. खांदा कुठे संपतो हे त्याला हाताने जेवढं कळायचं तेवढं आम्हाला बघून कळत नव्हतं. कापड ओळखणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, उधारी लक्षात ठेवणं हे सगळं सासरे अजून दिरांपेक्षा बरं करत असतील, पैज लावते.

आणि पुढच्या वेळी ती पोरं आली की सासऱ्यांना विचारा, कपडे कुठल्या कापडाचे आहेत आणि शिवलेत कसे. या प्रकारात चित्रं फार स्पष्ट दिसतात म्हणे, काजं-बटणं सुद्धा. काय सांगतात ते मला जरूर कळवा.